दोन संघ वर, दोन संघ खाली

अध्यक्ष महोदय आणि अमळनेरकर श्रोतेहो,

क्रिकेटचा विश्वचषक आपण सारेच आवडीने पाहतो. परंतु त्याच्या दारापर्यंत पोहोचण्यासाठी जे देश वर्षानुवर्षे खेळत असतात, त्यांच्या सामन्यांची बातमी आपल्याकडे क्वचितच येते. अशा देशांसाठी २००७ ते २०१९ या काळात चाललेल्या ‘वर्ल्ड क्रिकेट लीग’विषयी मी आज बोलणार आहे. माझ्या मते एकदिवसीय क्रिकेटच्या इतिहासातील ती सर्वांत न्याय्य व्यवस्था होती.

तिच्याआधी अशा देशांसाठी ‘आयसीसी ट्रॉफी’ ही विश्वचषकाची पात्रता स्पर्धा होती. १९७९ मध्ये ती श्रीलंकेने जिंकली आणि दोनच वर्षांत त्या देशाला कसोटी दर्जा मिळाला. १९९७ मध्ये क्वालालंपूरला बांगलादेशाने केनियाला अगदी शेवटच्या चेंडूवर हरवून ती पटकावली. मात्र ही स्पर्धा तीन-चार वर्षांतून एकदाच होई. एखादा सामना हातचा गेला की पुढील स्पर्धेपर्यंत त्या संघासमोर खेळण्यासारखे फारसे काही उरत नसे.

लीगने ही उणीव भरून काढली. संघांची गटवारी झाली, त्यात पहिला गट सर्वांत वरचा, आणि पुढे गटांची संख्या आठपर्यंत गेली. साधारणपणे सहा संघ एका देशात जमत, आठ-दहा दिवसांत प्रत्येकाशी पन्नास षटकांचा सामना खेळत. पहिले दोन वरच्या गटात जात आणि शेवटचे दोन खालच्या गटात उतरत. यात कोणाच्या शिफारशीला जागा नव्हती, गुणतक्ता सांगेल तेच खरे. २०१० मध्ये काठमांडूला नेपाळ, अमेरिका आणि सिंगापूर यांचे गुण सारखे झाले, तेव्हा धावगतीवर सिंगापूर मागे पडले. निकाल कठोर होता, पण नियम आधीपासून सर्वांना ठाऊक होता.

या व्यवस्थेचा सर्वाधिक लाभ अफगाणिस्तानने घेतला. त्या संघातील अनेक खेळाडू पाकिस्तानातील निर्वासित छावण्यांमध्ये लहानाचे मोठे झाले होते. मे २००८ मध्ये जर्सी या चिमुकल्या बेटावर, पाचव्या गटाच्या अंतिम सामन्यात यजमानांना ८० धावांत गुंडाळूनही विजय मिळेपर्यंत त्यांचे आठ गडी बाद झाले होते. तो सामना निसटला असता, तर इतिहास निराळा झाला असता असे म्हणता येत नाही, कारण अंतिम फेरी गाठल्यामुळे बढती आधीच निश्चित झाली होती. मला या व्यवस्थेचे मोल नेमके इथे जाणवते : एका वाईट दुपारीने संघाचे भवितव्य संपत नसे. त्याच वर्षी टांझानियात चौथा गट, २००९ च्या जानेवारीत अर्जेंटिनात तिसरा गट आणि एप्रिलमध्ये दक्षिण आफ्रिकेतील पात्रता स्पर्धेत पहिल्या सहांत स्थान, असा प्रवास करून त्यांनी वर्षभराच्या आत एकदिवसीय दर्जा, म्हणजे अधिकृत आंतरराष्ट्रीय एकदिवसीय सामने खेळण्याचा हक्क, मिळवला. २०१५ मध्ये ते विश्वचषकात खेळले आणि २०१७ मध्ये कसोटी देश झाले. त्या वेळी त्यांचे प्रशिक्षक मुंबईचे लालचंद राजपूत होते, याचा मराठी माणसाला आनंद वाटणे स्वाभाविक आहे.

खाली येण्याचा मार्गही तितकाच खुला होता. संदीप पाटील यांच्या मार्गदर्शनाखाली केनियाने २००३ च्या विश्वचषकाची उपांत्य फेरी गाठली, २००७ मध्ये लीगचा पहिला गटही जिंकला. पण २०१४ मध्ये त्यांचा एकदिवसीय दर्जा गेला. याचे दुःख होते, तरीही पूर्वपुण्याईवर जागा राखून ठेवणे योग्य झाले नसते.

२०१८ मध्ये लीगच्या दुसऱ्या गटात, नामिबियातील विंडहूकला कॅनडाविरुद्ध नेपाळचे नऊ गडी बाद झाले असताना ५१ धावा हव्या होत्या. करण केसी आणि संदीप लामिछाने या शेवटच्या जोडीने शेवटच्या चेंडूवर विजय खेचून आणला आणि पुढच्याच महिन्यात नेपाळला एकदिवसीय दर्जा मिळाला. २०१९ मध्ये त्याच शहरात मुंबईत वाढलेल्या सौरभ नेत्रावळकरच्या नेतृत्वाखाली अमेरिकेनेही तो मिळवला.

या शिडीच्या वरच्या टोकाशी मात्र अन्याय झाला. २०१९ चा विश्वचषक चौदाऐवजी दहा संघांचा करण्यात आला. त्याच्या पात्रता स्पर्धेत हरारे येथे स्कॉटलंड वेस्ट इंडिजकडून पाच धावांनी हरले. रिची बेरिंग्टन ज्या चेंडूवर पायचीत ठरला, तो डाव्या यष्टीबाहेर जात होता असे दिसत होते, पण पंचांचा निर्णय तपासण्याची सोयच तेथे नव्हती. विश्वचषकाचे तिकीट ठरवणाऱ्या सामन्यात ही सोय नसावी, हे मला आजही पटत नाही. २०२७ ची स्पर्धा पुन्हा चौदा संघांची होणार आहे, हे योग्यच झाले.

आता खानदेशाविषयी. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या मुलांना महाराष्ट्राच्या संघासाठी पुण्याकडे पाहावे लागते. आपल्याकडे टेनिस चेंडूच्या बाद पद्धतीच्या स्पर्धा उदंड होतात. त्यांत पहिल्याच सामन्यात हरलेला तळोद्याचा किंवा पारोळ्याचा संघ त्याच संध्याकाळी घरी परततो. माझी सूचना अशी की, तिन्ही जिल्ह्यांतील तालुका संघांचे दोन-तीन गट करावेत, उन्हाचा तडाखा टाळून डिसेंबर-जानेवारीत लेदर चेंडूने पन्नास षटकांचे साखळी सामने घ्यावेत आणि दरवर्षी प्रत्येक गटातून दोन संघ वर, दोन संघ खाली पाठवावेत. मॅटिंगची खेळपट्टी सुरुवातीला पुरेशी आहे. १९९७ ची क्वालालंपूरची स्पर्धाही कृत्रिम खेळपट्ट्यांवरच झाली होती.