टीव्हीमागचा डबा: काटकसर कुठे करावी

(कोथरूडमधल्या एका सोसायटीच्या सभागृहात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, आज बोलायचंय ते टीव्हीला जोडून सिनेमे-गाणी चालवणाऱ्या डब्याबद्दल, म्हणजे मीडिया प्लेयरबद्दल. पण मी ‘अमुक डबा घ्या, तमुक घेऊ नका’ असं काही सांगणार नाही. कारण तुमच्या हार्डडिस्कमध्ये काय आहे ते मला माहीत नाही, आणि सगळं तिथेच ठरतं. एकाच्या घरी लग्नाच्या कॅसेटवरून करून घेतलेल्या डीव्हीडी आणि नाटकांच्या व्हीसीडी असतात. दुसरा फोर-के डिस्क जमवतो. दुकानदार दोघांपुढेही तोच खोका ठेवतो, आणि खोक्यावर ठसठशीत ‘फोर-के’ लिहिलेलं असतं.

आधी आकडे बघू. डीव्हीडी चालवायला सेकंदाला जास्तीत जास्त १० मेगाबिट माहिती लागते. साधी ब्लू-रे ५४च्या आत भागते. फोर-के ब्लू-रे मात्र १००च्या पुढे, थेट १२८पर्यंत जाऊ शकते. स्वस्त डब्याचं लॅन पोर्ट, म्हणजे नेटवर्कची केबल खोचायची जागा, बहुधा १०० मेगाबिटचंच असतं. म्हणजे फोर-के डिस्कची जशीच्या तशी प्रत चालवायची असेल, तरच गिगाबिट, म्हणजे १००० मेगाबिटच्या पोर्टसाठी जादा पैसे मोजावेत. बाकीच्यांनी त्या पैशात राउटरपासून टीव्हीपर्यंत केबल ओढून घ्यावी. पेठेतल्या वाड्याच्या जाड भिंतींपुढे पाच गिगाहर्ट्झचं वायफाय मान टाकतं, हे तिथे राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.

डीकोडर, म्हणजे दाबून साठवलेलं चित्र उलगडणारा भाग, त्याच्या बाबतीत मात्र काटकसर नडते. रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा कॉम्प्युटर २०१२ साली ३५ डॉलरला आला. त्यात डीव्हीडीचा एमपेग-२ डीकोडर होता, पण कुलूपबंद. किल्ली हवी तर २ पौंड ४० पेन्स वेगळे भरा! मला हा व्यवहार प्रामाणिक वाटतो. किंमत कुठे छाटली ते निदान सांगितलं तरी. पुढे २०२३च्या पाय ५ मधून तर एच-२६४ या सर्रास वापरल्या जाणाऱ्या व्हिडिओ पद्धतीचा हार्डवेअर डीकोडर काढूनच टाकला. प्रोसेसर दमदार असल्यामुळे ते काम तो सॉफ्टवेअरने निभावतो, हा भाग वेगळा. पण नवं मॉडेल म्हणजे सगळंच वाढीव, असं धरून चालू नका.

डब्याला फाइल झेपली नाही, की प्लेक्स किंवा जेलीफिनसारखा सर्व्हर ती चालता चालता बदलून देतो. सोय छान आहे, पण त्यासाठी तगडा कॉम्प्युटर लागतो. तो ६० वॅटचा धरा आणि चोवीस तास चालू ठेवा. महिन्याला ४३ युनिट होतात. पाच वॅटचं छोटं यंत्र साडेतीन-चार युनिटांत भागवतं. डब्यात वाचवलेले पैसे असे हळूहळू महावितरणकडे जातात.

आता एक गोष्ट, जी खोक्यावर कधीच छापलेली नसते. आपल्याकडचं दूरदर्शन, व्हीसीडी, हँडीकॅम हे सगळं पाल पद्धतीचं, म्हणजे सेकंदाला २५ चित्रं. बरेच डबे टीव्हीला कायम ६० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र दाखवायला लावतात. साठाला पंचवीसने भाग जात नाही, मग काही चित्रं दोनदा दाखवली जातात, काही तीनदा. नाटकात कॅमेरा संथपणे रंगमंचाच्या एका विंगेतून दुसऱ्या विंगेकडे फिरतो ना, तिथे बघा: पडदा बारीक बारीक हिसके देत सरकतो. घरचे म्हणतात, ‘जुनी व्हीसीडी आहे, चालायचंच.’ व्हीसीडीचा काही दोष नसतो! डब्याने टीव्हीला ५० हर्ट्झवर नेलं, की प्रत्येक चित्र नेमकं दोनदा येतं आणि हिसके थांबतात. कोडी या फुकट मिळणाऱ्या प्लेयर सॉफ्टवेअरमध्ये ही सोय आहे, ती सेटिंगमध्ये जाऊन चालू करावी लागते. विकत घेताना मी आधी हेच विचारतो. बहुतेक विक्रेते माझ्याकडे नुसते बघत राहतात.

तीच कथा देवनागरीची. फाइलला मराठी नाव द्या आणि डब्यात उघडा. कुठे नुसते चौकोन दिसतात. कुठे अक्षरं दिसतात, पण ‘शक्ती’चा पाय मोडून ‘शक्‌ती’ होतो, आणि पहिली वेलांटी अक्षराच्या आधी यायची ती नंतर येऊन बसते. सबटायटल असं वाचायची पाळी आली, तर आवाजाची आठ चॅनेल काय कामाची?

नेटफ्लिक्सवाल्यांसाठी थोडक्यात. वाइडवाइन म्हणजे चोरून प्रत काढता येऊ नये म्हणून घातलेलं गूगलचं कुलूप. अधिकृत मान्यता नसलेल्या डब्यात त्याची खालची पातळी, एल-३, असते. मग खोक्यावर फोर-के असूनही नेटफ्लिक्सचं चित्र डीव्हीडीच्या दर्जाचंच मिळतं. सुरक्षेचं त्याहून गंभीर. २०२३ साली टी-९५ नावाच्या अँड्रॉइड डब्यात कारखान्यातूनच मालवेअर आल्याचं उघडकीला आलं, आणि जून २०२५मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने अशाच डब्यांत शिरलेल्या बॅडबॉक्स २.० या मालवेअरबद्दल जाहीर इशारा दिला. असा डबा फुकट मिळाला तरी घरच्या नेटवर्कला जोडू नये.

आणि महागाचं काय? टीव्हीला खोचायचा गूगलचा क्रोमकास्ट काही महाग नव्हता, पण उदाहरण चांगलं आहे: मार्च २०२५मध्ये एका प्रमाणपत्राची मुदत संपली आणि दुसऱ्या पिढीचे क्रोमकास्ट जगभर एकदम आडून बसले. गूगलने नंतर दुरुस्ती पाठवली. पण जी सुविधा कंपनीच्या सर्व्हरवर अवलंबून असते, तिला मी सुविधा म्हणून पूर्ण पैसे देत नाही. फाइल माझ्या डिस्कवर, ती टीव्हीपर्यंत पोचवणारं यंत्र माझ्या घरात, मग टोकाचा डबा साधा असला तरी चालतो. जास्तीचे पैसे मी दुसऱ्या हार्डडिस्कमध्ये घालतो, बॅकअपसाठी.

शेवटी एकांनी विचारलंय, तपकीर गल्लीत, म्हणजे पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, जाऊ तेव्हा बरोबर काय नेऊ? एक पेनड्राइव्ह. त्यात मराठी नावाची फाइल आणि मराठी सबटायटल, एक २५ चित्रांचं जुनं नाटक, तुमच्याकडची सगळ्यात जड फाइल, आणि मैफलीची सलग चालणारी दोन ट्रॅक. आलापीतून बंदिशीत जाताना मध्ये शांतता पडते का ते ऐका. मग दुकानदाराला प्लग काढून परत लावायला सांगा. आपल्याकडे पुण्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते. ती परत आल्यावर डबा आपणहून सुरू व्हायला हवा, रिमोट शोधायला न लावता.