आधी म्हशीला, मग माणसाला

(दृश्य: रावेर तालुका, पहाटेचा गोठा. बादली, नळी.)

या म्हशीनं तीन दिवस रवंथ केलेलं नाही. पशुवैद्यक शेजारच्या धडधाकट म्हशीच्या तोंडातून कोटीपोटात, म्हणजे चारा आंबवणाऱ्या पहिल्या पोटात, नळी सोडतात. हिरवट पाणी बादलीत येतं. ते गाळून आजारी म्हशीला पाजायचं. चारा पचवणारे जिवाणू त्यातच असतात. धन्याला नवल वाटलं नाही. त्यानं एवढंच विचारलं, "माणूसले बी देतस का हो?"

देतात.

(दृश्य: प्रयोगशाळा. मिक्सर, गाळणी, बाटलीवर दाटणारं दंव.)

अँटिबायोटिक्सच्या माऱ्यात आतड्यातले उपयोगी जिवाणू मेले की क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल हा घातक जिवाणू माजतो. जुलाब थांबत नाहीत. मग निरोगी माणसाची विष्ठा मिठाच्या पाण्यात घुसळायची, गाळायची, ग्लिसरॉल घालून उणे ८० अंशांत ठेवायची आणि लागेल तेव्हा कोलोनोस्कोपीनं, म्हणजे गुदद्वारातून घातलेल्या दुर्बिणीच्या नळीनं, आतड्यात सोडायची. घुसळताना आमच्या कॅमेरामननं मास्क दोनदा वर ओढला. १९५८ साली डेन्व्हरच्या डॉक्टरांनी चार रुग्णांना हेच एनिमातून दिलं होतं. २०१३ मध्ये नेदरलँड्समधल्या चाचणीत १६ पैकी १३ जण पहिल्याच वेळी बरे झाले.

त्याच वर्षी अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे औषधांना मंजुरी देणाऱ्या संस्थेनं, ठरवलं, हे औषधच. म्हणजे दर वेळी प्रायोगिक औषधाचा अर्ज! डॉक्टरांनी ओरड केली, तेव्हा दुसरा इलाज न लागलेल्या रुग्णांपुरती सूट मिळाली. २०२२ मध्ये दात्यांची विष्ठा साठवून पुरवणाऱ्या विष्ठा-बँकांची सूट आवळली, कंपनीच्या तयार औषधाला मंजुरी आली. २०२३ मध्ये कॅप्सूलही. मधे २०१९ मध्ये एका दात्याच्या विष्ठेतून औषधांना न जुमानणारा ई. कोलाय दोन रुग्णांत गेला, एक दगावला. त्या जिवाणूसाठी तपासणीच झाली नव्हती.

(दृश्य: जळगाव, रक्तदान शिबिर. रांग, बिस्किटं, बाटलीवरचं लेबल.)

इथल्या प्रत्येक बाटलीची एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, सिफिलिस, मलेरिया अशी तपासणी होते. रक्तपेढीला परवाना लागतो, नोंदवह्या तपासायला अधिकारी येतो. विष्ठेच्या बाटलीसाठी आपल्याकडे अशी वेगळी नियमावली नाही. तज्ज्ञांच्या शिफारशी आहेत, चांगल्या आहेत. पण शिफारस मोडली म्हणून कुणाचा परवाना जात नाही. दाता कुणी तपासला, किती दिवसांपूर्वी, नमुना जपून ठेवला का, हे त्या त्या डॉक्टरच्या सचोटीवर. विष्ठा देणाऱ्या दात्याला कॅमेरा नको होता. त्याचा फॉर्म तेवढा दाखवतो.

(दृश्य: फॉर्म. मग पुन्हा गोठा. म्हशीचा जबडा हलतो. निवेदन नाही, रवंथाचा आवाज तसाच ठेवावा.)