पेलेल तोच ताण

(सातपुड्यातली सकाळ. धडगाव तालुक्यातला एक पाडा. कुडाच्या भिंतीला टेकवलेला तिरकामठा.)

भिलांचा हा तिरकामठा. कमान बांबूची आणि दोरीही बांबूचीच, सालीची सलग पट्टी तासून बांधलेली. हिच्यावर आकडा नाही. शेजारी नातवाने शहरातून आणलेलं धनुष्य. त्याच्या मुठीजवळ लिहिलंय : ४५ पाउंड, २८ इंच. म्हणजे ओढ २८ इंच झाली की हातावर ४५ पाउंड, जवळपास २० किलोंचा ताण.

पण पोराची ओढ तेवढी आहे का? हात पसरून वाव मोजायची आणि अडीचने भागायची. त्याची वाव ६५ इंच, म्हणजे ओढ २६. अशा धनुष्यात इंचामागे दोन-तीन पाउंड कमी-जास्त होतात.

(ताणकाटा जवळून.)

कापूस तोलायचा काटा आढ्याला टांगलाय. हुकात दोरी अडकवलीय. तिराच्या काडीवर २६ इंचांवर कोळशाची खूण. मूठ हळूहळू खाली येते, खुणेशी थांबते. काटा थरथरतो आणि १८ किलोंवर ठरतो. ४५चं धनुष्य या पोराच्या हातात ४०चं आहे.

४० कमी नाहीत. अमेरिकेत जिथे धनुष्याने हरणाची शिकार करू देतात, तिथल्या बऱ्याच राज्यांत किमान मर्यादाच ३० ते ४० पाउंडांची आहे. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव कायद्याने शिकारीला बंदी आहे. इथला नेम गवताच्या पेंढीवर.

कप्प्यांच्या कंपाउंड धनुष्यात ओढ पुरी झाली की बहुतेक भार उतरतो. साध्या कमानीत हात जबड्याशी येतो तिथेच भार सगळ्यात जास्त. म्हणून कंपाउंडवर ६० ओढणाऱ्यानेही इथे १०-१५ पाउंड खालीच यावं. नवख्याने तर २५ ते ३५मध्येच सुरुवात करावी. जोर दाखवायला जड धनुष्य घेऊन खांदा दुखावून बसलेली पोरं पाहिली की वाईट वाटतं.

ताण पेलतो का ते बघायचं तर कमान आभाळाकडे न उचलता सरळ पेंढीकडे धरा, ओढा, मनात दहा मोजा. आता पोराच्या ओठाच्या कोपऱ्याशी टेकलेलं बोट बघा. आठव्या आकड्याला ते कापायला लागतं, दोरी इंचभर पुढे सरकते. तीर पेंढीच्या खाली, मातीत.

(अंगण. आजोबांच्या हातात विळा.)

नातीसाठी नवी कमान चालली आहे. ती समोर बसून बघतेय. कमानीच्या आतल्या अंगावरून पातळ कीस निघतो, तसा ताण उतरतो. निघालेला कीस परत चिकटवता येत नाही. म्हणून विळा दोनदा फिरवायचा आणि कमान तिच्या हातात द्यायची. "ओढ बाई." ती ओढते. कोपर कापतं. आजोबा कमान परत मांडीवर घेतात.