जिवाणूची भिंत फोडणारं प्रथिन

नमस्कार श्रोतेहो. जिवाणूंनाही विषाणू गाठतात. त्यांना फेज म्हणतात. फेज जिवाणूत शिरतो, स्वतःच्या प्रती तयार करून घेतो आणि बाहेर पडायच्या वेळी दोन प्रथिनं कामाला लावतो. होलिन आतल्या पटलाला भोकं पाडतं. त्या भोकांतून एंडोलायसिन भिंतीपर्यंत पोचतं आणि तिच्यातल्या पेप्टिडोग्लायकनचे, म्हणजे भिंतीला बळकटी देणाऱ्या जाळ्याचे, टाके उसवतं. आतला दाब मुळातच जास्त, त्यामुळे जिवाणू फुटतो.

औषधाला अख्खा विषाणू नको, हे एंडोलायसिन पुरतं. ते ई. कोलाय जिवाणूकडून बनवून घेतात. तिथे होलिन नसतं, म्हणून बनवणारा जिवाणू सहसा शाबूत राहतो.

स्टॅफिलोकोकस, स्ट्रेप्टोकोकस या ग्राम पॉझिटिव्ह जिवाणूंची भिंत बाहेरून उघडी असते. तिथे हे प्रथिन बाहेरून घातलं तरी चालतं. २००१ मध्ये रॉकफेलर विद्यापीठातल्या फिशेट्टी यांच्या गटानं १० नॅनोग्रॅम प्रथिनानं सुमारे १ कोटी स्ट्रेप्टोकोकस ५ सेकंदांत मारून दाखवले.

आकडा जबरदस्त आहे, पण तो परीक्षानळीतला. आणि परीक्षानळीही फसवते बरं का! जिवाणूंचं द्रावण किती गढूळ आहे ते ६०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशानं मोजतात. गढूळपणा उतरला म्हणजे पेशी फुटल्या, असं धरतात. पण जिवाणू गुठळ्या होऊन तळाशी बसले तरी रीडिंग उतरतंच. म्हणून शेजारी तेच जिवाणू, पण प्रथिनाविना नुसतं बफर, म्हणजे प्रथिन ज्यात विरघळवतात ते द्रावण, घातलेली नळी हवी, आणि द्रावणाचा थेंब ताटलीवर पसरून जिवंत जिवाणूंपासून वाढलेल्या वसाहतीही मोजायला हव्यात. त्यातही मेख आहे: थेंबाबरोबर आलेलं प्रथिन ताटलीवरही मारत राहतं आणि जिवंत जिवाणूंचा आकडा खोटाच कमी येतो. आधी भरपूर विरल करा.

रुग्णांवरच्या चाचण्यांत सर्वात पुढे गेलं ते एक्सेबेकेस नावाचं असंच प्रथिन. स्टॅफिलोकोकस ऑरियस रक्तात पसरलेल्यांना, नेहमीच्या अँटिबायोटिकच्या जोडीला, शिरेतून एकच मात्रा. दुसऱ्या टप्प्यातले, विशेषतः एमआरएसएच्या (मेथिसिलिन या अँटिबायोटिकला दाद न देणाऱ्या स्टॅफिलोकोकस ऑरियसच्या) रुग्णांमधले आकडे आशादायक होते. तिसऱ्या टप्प्याची चाचणी मात्र २०२२ मध्ये थांबवली, कारण मधल्या आढाव्यात फायदा दिसण्याची शक्यता उरली नव्हती.

ग्राम निगेटिव्ह जिवाणूंचं दुखणं वेगळं. भिंतीवर आणखी एक पटल असतं, ते प्रथिनाला आत येऊ देत नाही. प्रयोगशाळेत ईडीटीए हे धातूंचे आयन पकडणारं रसायन घालून ते सैल करतात, पण ईडीटीए रक्तातलं कॅल्शियमही ओढून घेतो. म्हणून आता एंडोलायसिनलाच धनभारित पेप्टाइडचा, म्हणजे छोट्या प्रथिनसाखळीचा, तुकडा जोडतात. तो पटलात शिरतो आणि मागून एंडोलायसिनला वाट करून देतो.