हॅरेम अ‍ॅनिमेचा दुसरा सीझन कसा जोखायचा? क्विन्टुप्लेट्स सीझन २ वर सविस्तर

नमस्कार मंडळी! अ‍ॅनिमेत, म्हणजे जपानी अ‍ॅनिमेशन मालिकांत, हॅरेम रोमान्सचा पहिला सीझन चांगला काढणं तसं फार अवघड नसतं. एक मुलगा, चार-पाच मुली, प्रत्येकीची एन्ट्री, प्रत्येकीच्या वाट्याला एखादा खास भाग, शेवटी एक सहल किंवा शाळेचा महोत्सव. आपण आपापली आवडती मुलगी ठरवतो आणि खूश होतो. खरी परीक्षा दुसऱ्या सीझनला असते. ओळखपरेड संपलेली असते, आता काहीतरी घडावं लागतं. आणि या मालिकांना नेमकी त्याचीच भीती वाटते. काही घडलं की कुणाचं तरी मन मोडणार, आणि जिचं मोडेल तिचे चाहते चिडणार.

म्हणून दुसरा सीझन बघून झाला की मी एकच प्रश्न विचारते. जे आता पुसता येणार नाही, असं काही या सीझनमध्ये घडलं का?

आज हा प्रश्न लावायचाय 'द क्विन्टेसेन्शियल क्विन्टुप्लेट्स'च्या दुसऱ्या सीझनला. जपानी नाव 'गोतोउबुन नो हानायोमे'. जानेवारी ते मार्च २०२१, एकूण बारा भाग. आधी तो ऑक्टोबर २०२० मध्ये यायचा होता, कोरोनामुळे पुढे गेला. स्पॉयलर येणार आहेत, पण फक्त या सीझनपुरते. शेवटी नवरी कोण होते, हे मी सांगणार नाही, आणि कमेंटमध्ये तुम्हीही सांगू नका, प्लीज.

ज्यांनी पहिला सीझन बघून बराच काळ लोटलाय त्यांच्यासाठी थोडक्यात. फूतारो उएसुगी, घरची परिस्थिती बेताची, अभ्यासात पहिला, माणसांत शेवटचा. त्याला शिकवणी मिळते नाकानो घराण्यातल्या पाच जुळ्या बहिणींची. इचिका, नीनो, मिकू, योत्सुबा, इत्सुकी. पाचही जणी अभ्यासात कच्च्या. पहिल्या चाचणीत पाचही जणींचे गुण मिळून शंभर होतात, आणि फूतारोचे एकट्याचे शंभर. कथा सुरू होते ती भविष्यातल्या एका लग्नाच्या दिवसापासून. या पाचांपैकी एक नवरी आहे, एवढं पहिल्याच भागात कळतं. म्हणजे मांगाचे (ज्यावर ही मालिका बेतलीय त्या जपानी कॉमिकचे) लेखक नेगी हारुबा यांनी पहिल्या दिवसापासून स्वतःला बांधून घेतलंय. 'सगळ्याच आवडतात' म्हणत पळून जायची सोय नाही.

आता दुसरा सीझन. स्टुडिओ बदलला, ही पहिली बातमी. पहिला सीझन तेझुका प्रॉडक्शन्सचा होता, दिग्दर्शक सातोशी कुवाबारा. दुसरा बिबरी अ‍ॅनिमेशन स्टुडिओजकडे गेला, दिग्दर्शक काओरी. पहिल्या सीझनच्या शेवटच्या भागांत चित्रं किती ठिकाणी ढासळली होती, ते बघितलेल्यांना आठवत असेल. दूरच्या फ्रेममध्ये चेहरे ओळखू यायचे नाहीत. आणि जिथे पाच मुलींचा चेहरा एकच आहे, तिथे डोळ्यांतला, भुवयांतला, तोंडाच्या कडेचा बारीक फरक हीच सगळी पुंजी असते. तीच गेली तर मग उरतं काय? दुसऱ्या सीझनमध्ये चेहरे सावरलेत. डोळ्यांत चमक आहे, रंग मऊ आहेत. काहींना जुनी रेखाटनं जास्त खरी वाटतात, ते मला समजतं. पण मी नव्याच्या बाजूने आहे. आवाज मात्र तेच राहिले, आणि त्याने फार मोठं काम केलंय. काना हानाझावा, आयाना ताकेतात्सु, मिकू इतो, आयाने साकुरा, इनोरी मिनासे. स्टुडिओ बदलला तरी बहिणी परक्या वाटल्या नाहीत, त्याचं श्रेय या पाच जणींना.

पण चित्रं चांगली झाली म्हणून सीझन चांगला झाला, असं मी म्हणणार नाही. गोष्टीकडे या.

सुरुवातीच्याच भागांत घरात भांडण पेटतं. फूतारोने प्रश्नपत्रिका तयार केल्यात, सगळ्या हाताने लिहून. नीनो त्या फाडते. इत्सुकी तिच्या थोबाडीत मारते. आणि दोघीही घर सोडून जातात. नीनो हॉटेलात, इत्सुकी थेट फूतारोच्या घरी. या प्रसंगात प्रेमाचा प्रश्नच नाही, हे लक्षात घ्या. हे भांडण मुलासाठी नाहीच. नीनोला आपलं पाच जणींचं जग जसं होतं तसंच हवंय, आणि बाकीच्या चौघी हळूहळू बदलताना दिसतायत. तिच्या दृष्टीने फूतारो हा घरात शिरलेला बाहेरचा माणूस आहे. हॅरेममधल्या मुली एरवी नायकाभोवती फिरतात, एकमेकींशी बोलतात त्याही नायकाविषयीच. इथे नायक बाजूला काढला तरी पाच बहिणींची गोष्ट शिल्लक राहते. या मालिकेची खरी ताकद ही, आणि दुसऱ्या सीझनने ती ओळखली.

त्या भांडणाचा शेवट बघा. परीक्षेत अपयश येतं, फूतारो शिकवणी सोडतो. मग पाचही जणी वडिलांचा उंच इमारतीतला आलिशान फ्लॅट सोडतात, घराची कार्ड-चावी फेकून देतात आणि छोट्याशा भाड्याच्या जागेत राहायला जातात, कशासाठी, तर वडिलांची परवानगी न लागता त्याने शिकवावं म्हणून. नीनो तिचे लांब केस कापून टाकते. माझ्या प्रश्नाचं उत्तर इथेच निम्मं मिळतं. घर गेलं, केस गेले, आणि पुढच्या भागात कुणी 'काही झालंच नाही' असं वागत नाही. पुढच्या भागांत त्यांचं घर ती छोटी जागाच राहते. भाड्याचे पैसे इचिका अभिनयातून कमावते, आणि दमून तिचा अभ्यास मागे पडतो. एका निर्णयाची किंमत मालिका पुढे भरत राहते. हे या प्रकारात फार कमी दिसतं.

आता नीनोच्या कबुलीकडे येते, कारण सीझनचा कळस माझ्या मते तोच आहे.

वार्षिक परीक्षेत पाचही जणी पास होतात. केकच्या दुकानात पार्टी आहे. नीनोला घ्यायला फूतारो दुकानाच्या मालकाची दुचाकी घेऊन जातो. ती मागे बसलीय, त्याला धरून. आणि अचानक, अगदी साध्या आवाजात ती म्हणते, तू मला आवडतोस. त्याच्याकडून उत्तर येत नाही. वारा आहे, गाडीचा आवाज आहे. आजवर शेकडो मालिकांनी इथे काय केलंय, ते आपल्या सगळ्यांना पाठ आहे. नायकाला ऐकू येत नाही, मुलगी 'काही नाही' म्हणते, आणि गोष्ट होती तिथेच परत. मी पहिल्यांदा बघताना तेच होणार असं धरून बसले होते.

पण नीनो सोडत नाही. ती थेट त्याच्यासमोर पुन्हा सांगते. तू माझ्याकडे तसं बघत नसशील, तर मी तुला बघायला लावीन. तुझ्यासारख्यावर प्रेम करणारी जगात एखादी तरी असेल असं म्हटलं होतं ना, ती मीच, तुझं नशीब. असा सगळा सूर! लाज आहे, राग आहे, दरारा आहे. आयाना ताकेतात्सुने ते वाक्य असं म्हटलंय की विनंती कुठे संपते आणि धमकी कुठे सुरू होते, कळत नाही. आणि या सीनचा पाया कुठे आहे? पहिल्या सीझनमध्ये. तिथे ती 'किंतारो'च्या प्रेमात पडते, म्हणजे सोनेरी विग घातलेल्या फूतारोच्या. दुसऱ्या सीझनमध्ये तिला कळतं की तो हाच. जिला त्याचा सगळ्यात जास्त तिटकारा होता तीच सगळ्यात आधी बोलते. या क्षणानंतर फूतारोला 'मला माहीतच नव्हतं' म्हणायची सोय उरत नाही, आणि बाकीच्या चौघींना थांबून राहायची.

तुलनेसाठी दोनच उदाहरणं देते. 'रेंट-अ-गर्लफ्रेंड'चा २०२२ चा दुसरा सीझन आठवा. दिसायला सुरेख, नायिका चिझुरूच्या आजीचे प्रसंग मनाला भिडतात, पण नात्याचं बघाल तर काझुया आणि चिझुरू जिथे होते जवळपास तिथेच. दुसरं टोक म्हणजे 'वुई नेव्हर लर्न', सीझन दोन, २०१९ च्या शेवटी. तिथे मांगा अजून चालू होता आणि अ‍ॅनिमेने शेवटच्या भागात स्वतःच निवड करून टाकली, ऊरुका. निर्णय झाला, हे चांगलंच, पण त्या निर्णयाकडे नेणारा रस्ता बांधलाच नव्हता. एकाने काहीच घडू दिलं नाही, दुसऱ्याने घाईने घडवलं. क्विन्टुप्लेट्स या दोघांच्या मधून वाट काढते, निदान सीझनच्या पहिल्या दोन-तृतीयांशात.

मिकूविषयी बोलायलाच हवं. हेडफोनवाली, सेनगोकू काळातल्या (जपानमधल्या जुन्या लढायांच्या काळातल्या) सरदारांची वेडी, पहिल्या सीझनमध्ये बहुतेकांची लाडकी. ती ठरवते की वार्षिक परीक्षेत पाचांत पहिली आले तर त्याला सांगेन. चांगला निर्धार आहे, पण त्यात एक पळवाटही आहे, धाडसाला अट घातलेली आहे. आणि थोडक्यात इचिका पहिली येते. तिचा तो पडलेला चेहरा बघताना पोटात कालवतं. आधी तीच मिकू नीनोकडून चॉकलेट बनवायला शिकते, जिच्याशी तिचं कायम वाजायचं. अशा छोट्या जागा हा सीझन नीट सांभाळतो. आजोबांच्या गरम पाण्याच्या झऱ्याजवळच्या अतिथिगृहातले भाग घ्या. तिथे पाचही जणी इत्सुकीच्या वेशात असतात, आणि फूतारोला ओळखायचं असतं की समोर मिकू आहे. तो ओळखतो. त्या भागांत अंघोळीचे काही प्रसंग उगाच आहेत, ते नसते तर काही बिघडलं नसतं.

आणि आता तक्रार. मनापासूनची.

मांगा चौदा खंडांचा. पहिल्या सीझनने बारा भागांत साधारण चार खंड घेतले, दुसऱ्याने तेवढ्याच भागांत साधारण सहा. हा हिशेब कुठेतरी अंगावर येणारच, आणि तो आला क्योतोच्या सहलीवर. मांगातला सगळ्यात धारदार, सगळ्यात त्रासदायक तुकडा हाच. इचिका, थोरली, समजूतदार, सगळ्यांना सांभाळून घेणारी. ती मिकूचा वेश घेते आणि फूतारोला सांगते की इचिकाला तू आवडतोस, माझा पाठिंबा आहे. सख्ख्या बहिणीच्या तोंडून तिचंच प्रेम खोडून टाकते. हॅरेममध्ये सहसा सगळ्या मुली गोडच ठेवतात, चूक करायची मुभाच नसते त्यांना. इथे लाडक्या पात्राला खरोखर वाईट वागू दिलं. फार मोठं धाडस आहे हे.

पण मग त्याला वेळ द्या ना! इचिका इथवर का आली? नीनोने उघडपणे प्रेम मागितलं, मिकू बेकरीत काम करून त्याच्यासाठी पाव शिकतेय, आणि ही मात्र आयुष्यभर 'मोठी' म्हणून मागे सरत आलीय. हे सगळं मांगामध्ये पानापानाने साचतं. अ‍ॅनिमेमध्ये लग्नाच्या शेवटच्या पंगतीला वाढतात तसं भराभर वाढलंय. फुशिमी इनारी देवस्थानाच्या लाल तोरींमधून, म्हणजे कमानींमधून, सगळ्या वर चढतायत, कोण कुणाच्या वेशात आहे हे समजेपर्यंत पुढचा सीन. मिकूने एवढ्या कष्टाने केलेला पाव, तिचं रडत निघून जाणं, फूतारोचं तो पाव खाणं. हे शांत बसून बघावं असं होतं. इचिकाचा पश्चात्ताप तर इतक्या झटपट उरकलाय की नुसतं अ‍ॅनिमे बघणारे कितीतरी जण आजही तिला खलनायिका म्हणतात. दोष तिचा नाही, मिनिटांचा आहे. दोन भाग जास्त मिळाले असते तर हीच मुलगी सगळ्यांना सगळ्यात जास्त समजली असती.

तरीही एक सांगते. घाईतसुद्धा हा सीझन मागे फिरत नाही. शेवटाला मिकूला जे बोलायचंय ते ती बोलते, इचिका आपण काय केलं ते मान्य करते, आणि पाच बहिणी एकमेकींकडे पूर्वीसारख्या बघूच शकत नाहीत. माझ्या मूळ प्रश्नाला उत्तर आहे, हो.

गुण द्यायचेच तर दहापैकी आठ. घर सोडण्यापासून नीनोच्या कबुलीपर्यंतचे भाग साडेनऊचे, क्योतो साडेसहाचा. पहिल्या सीझनपेक्षा वर ठेवते मी याला, आणि त्याचं कारण नुसती चित्रं नाहीत.

पुढे काय बघायचं, हे नेहमी विचारता म्हणून. दुसऱ्या सीझननंतर २०२३ चा शाफ्ट स्टुडिओचा स्पेशल, त्यात आधी गाळलेले प्रसंग आहेत. मग मे २०२२ चा चित्रपट, बिबरीचाच, दिग्दर्शक मासातो जिन्बो. प्रदर्शित झाला त्या क्रमाने नाही, गोष्टीच्या क्रमाने बघा. आणि स्पेशल लावायच्या आधी जमलं तर मांगाचा दहावा खंड वाचून घ्या, विशेषतः इचिकावर रागावला असाल तर. वाचून झाल्यावर मत बदललं की नाही ते कमेंटमध्ये लिहा, मी प्रत्येक कमेंट वाचणार आहे.