सारा जेन नेमकी कुठल्या सालची?

श्रोतेहो, नमस्कार.

साल १९११. इंग्लंडमधल्या एका जुन्या वाड्यात सुतेख नावाच्या संहारक शक्तीला मोकळं करायची तयारी चालली आहे. कालप्रवासी डॉक्टर आणि त्याची सोबतीण सारा जेन स्मिथ तिथे येऊन पोचलेत. सारा म्हणते, आपण निघून जाऊ या की. १९११ मध्ये जग बुडालं नाही हे तिला पक्कं ठाऊक आहे, कारण ती स्वतः १९८० सालची आहे. डॉक्टर वाद घालत बसत नाही. टार्डिस, म्हणजे त्यांचं कालयान, तो १९८० मध्ये नेतो आणि दार उघडतो. बाहेर ओसाड माळ आणि घोंगावणारा वारा, दुसरं काही नाही. सुतेखला न अडवता निघालो तर तुझं १९८० हे असं असेल, हे तिला समोर दिसतं. दोघं १९११ मध्ये परततात.

बीबीसीच्या ‘डॉक्टर हू’ मालिकेतल्या ‘पिरॅमिड्स ऑफ मार्स’ या कथेच्या दुसऱ्या भागातला हा प्रसंग. कथा प्रसारित झाली १९७५ साली. कालप्रवासाच्या मालिकांमधल्या चुकांवर चाहते वाद घालतात तेव्हा दोन निरनिराळ्या गोष्टींची सरमिसळ होते, आणि त्या वेगळ्या करून दाखवायला याच्याइतका चांगला प्रसंग मला माहीत नाही. पहिली गोष्ट प्लॉट होल, म्हणजे कथेच्या तर्कातलं भगदाड. नायकाकडे कालयान आहे, मग तो संकटातून सरळ निघून का जात नाही? हा प्रश्न प्रत्येक कालप्रवासाच्या कथेला विचारावाच लागतो. इथे लेखकांनी तो पात्राच्याच तोंडी घातला आणि त्याचं उत्तर डोळ्यांसमोर उभं केलं. भगदाड बुजलं.

दुसरी गोष्ट कंटिन्युइटीची चूक. एका भागात सांगितलेली माहिती दुसऱ्या भागातल्या माहितीशी जुळत नाही, ती ही चूक. याच प्रसंगातल्या १९८० या एका आकड्यावरून चाहत्यांमध्ये कित्येक दशकं वाद पेटलेला आहे.

वाद असा. डॉक्टर पृथ्वीवर असताना युनिट नावाच्या लष्करी संघटनेबरोबर काम करतो. तिचा प्रमुख ब्रिगेडियर लेथब्रिज-स्टुअर्ट. सारा त्याच काळातली. तर युनिटच्या या कथा घडतात कोणत्या साली?

हिशोब सुरू होतो १९६८ च्या ‘द वेब ऑफ फिअर’पासून. यात लंडनच्या भुयारी रेल्वेत यती, म्हणजे हिममानव, शिरतात. प्रोफेसर ट्रॅव्हर्स यांची यतींशी पहिली गाठ तिबेटमध्ये पडलेली, ती १९३५ साली, आणि त्याला चाळीसहून अधिक वर्षं झाली असं संवादात येतं. म्हणजे ही कथा १९७५ च्या आधीची असू शकत नाही. त्याच वर्षाच्या शेवटी आलेल्या ‘द इन्व्हेजन’मध्ये ब्रिगेडियर म्हणतो की त्या भुयारातल्या प्रकाराला चार वर्षं झाली असतील. पंचाहत्तर अधिक चार, एकोणऐंशी. या हिशोबात सारा १९८० ची असणं अगदी सरळ बसतं.

निर्मात्यांना युनिटच्या कथा नजीकच्या भविष्यात घडवायच्या होत्या याच्या खुणा पुढेही मिळतात. १९७३ च्या ‘द ग्रीन डेथ’मध्ये फोनवरचे पंतप्रधान ‘जेरेमी’ आहेत, प्रत्यक्षात तेव्हा एडवर्ड हीथ होते. १९७५ च्या ‘टेरर ऑफ द झायगॉन्स’मध्ये ब्रिगेडियर फोनवर पंतप्रधानांना ‘मॅडम’ म्हणतो. ब्रिटनला पहिल्या महिला पंतप्रधान मिळाल्या त्या १९७९ साली.

आणि मग फेब्रुवारी १९८३ मध्ये ‘मॉड्रिन अनडेड’ आली. कथा १९७७ आणि १९८३ अशा दोन काळांत चालते. १९७७ हे राणी एलिझाबेथच्या राज्यारोहणाच्या रौप्यमहोत्सवाचं वर्ष, त्यामुळे तो काळ कोणता यात शंकेला जागाच नाही. त्या १९७७ मध्ये ब्रिगेडियर मुलांच्या शाळेत गणित शिकवतोय, कारण १९७६ मध्येच तो युनिटमधून निवृत्त झालाय. साराच्या हिशोबाने ज्या काळात तो गणवेशात युनिट चालवत असायला हवा, त्या काळात हा खडू हातात घेऊन फळ्यापाशी उभा!

असं का झालं याचं कारण कळलं की चूक नीट समजते. ही भूमिका मुळात ब्रिगेडियरसाठी नव्हती. १९६३ च्या पहिल्या कथेपासूनचा सोबती इयन चेस्टरटन, जो विज्ञानशिक्षक होता, त्याला परत आणायचं ठरलं होतं. शिक्षकाला शाळा शोभतेच. पण अभिनेते विल्यम रसेल उपलब्ध नव्हते, म्हणून ब्रिगेडियर आला, आणि शाळा व दोन्ही सालं मात्र तशीच राहिली.

आता हे कोडं कुणाला स्वतः तपासायचं असेल तर वहीत चार रकाने आखा. पहिल्यात कथा आणि भाग. दुसऱ्यात ऐकलेले किंवा दिसलेले नेमके शब्द, आपल्या भाषेत फिरवून नव्हे. तिसऱ्यात पुराव्याची जात: संवाद, पडद्यावरची वस्तू, की आपला अंदाज. चौथ्यात त्यातून निघणारं लवकरात लवकरचं आणि उशिरात उशिराचं साल. भाग प्रसारित झाल्याचं साल या तक्त्यात घ्यायचंच नाही. बहुतेकांची गाडी तिथेच घसरते, कारण पात्रांचे कपडे आणि मोटारी बघून मन आपोआप प्रसारणाच्या सालाकडे ओढलं जातं.

दुसरी चूक जास्त फसवी. १९७५ आणि १९७९ हे दोन पुरावे दिसतात, पण ते दोन नाहीत. १९७९ हे १९७५ वर उभं आहे. संवादातला चाळीस वर्षांचा आकडाच चुकीचा आहे असं धरलं की दोन्ही एकदम कोसळतात. म्हणून तक्त्यात अशा दोन ओळी बाणाने जोडून ठेवा. साराचं १९८० मात्र स्वतंत्र आहे. तिने गोल आकडा सांगितला असेल, खरं साल १९७५च्या आसपास असेल, अशी पळवाट काही जण काढतात. ती मला मान्य नाही. डॉक्टर तिला तिचा काळ म्हणून नेमक्या त्याच सालात घेऊन जातो.

समोरच्या पक्षाकडेही, म्हणजे या कथा १९८० च्या बऱ्याच आधी घडतात म्हणणाऱ्यांकडेही, भक्कम पुरावा आहे, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. २००७ च्या ‘द सारा जेन ॲडव्हेंचर्स’मध्ये सारा १९६४ साली तेरा वर्षांची आहे. ‘इन्व्हेजन ऑफ द डायनोसॉर्स’मध्ये ती आपलं वय तेवीस सांगते. चौसष्ट अधिक दहा, म्हणजे १९७४. ही कथा प्रसारितही १९७४ मध्येच झाली होती.

माझं मत स्पष्ट आहे. १९८० आणि १९७६ यांचा मेळ बसत नाही, बसवूही नये. समांतर विश्वं, बदललेला इतिहास असली ठिगळं लावली की कुठलीच चूक चूक उरत नाही आणि बारकाईने बघण्यातला आनंदच जातो.

कालप्रवासाच्या नियमांच्या बाबतीत मात्र मी अधिक कडक आहे. १९७२ च्या ‘डे ऑफ द डालेक्स’मध्ये डॉक्टरची तेव्हाची सोबतीण ‘जो ग्रँट’ विचारते की भविष्यातून आलेले बंडखोर आदल्या दिवशी येऊन पुन्हा प्रयत्न का करत नाहीत? डॉक्टर ‘ब्लिनोविच लिमिटेशन इफेक्ट’ एवढं नाव घेतो आणि खुलासा राहूनच जातो. ‘मॉड्रिन अनडेड’मध्ये हाच नियम १९७७ आणि १९८३ चे दोन ब्रिगेडियर एकमेकांना शिवल्यावर प्रचंड ऊर्जा सोडतो. पण डॉक्टरची निरनिराळ्या काळांतली रूपं एकत्र येतात तेव्हा हात मिळवूनही काही होत नाही. चुकलेल्या सालाने कथा मोडत नाही. नियम सोयीने पाळला तर पुढच्या संकटाची भीती वाटेनाशी होते.

२०१३ च्या ‘द डे ऑफ द डॉक्टर’ या पन्नासाव्या वर्षाच्या भागात युनिटची प्रमुख एक जुनी फाईल मागवते. ती सत्तरच्या दशकातली की ऐंशीच्या, हे कालगणनेची पद्धत कोणती धरता त्यावर अवलंबून आहे, असं ती म्हणते. चाहत्यांचा वाद लेखकांनी थेट संवादात आणला. फाईल मागवणारी केट ही त्याच ब्रिगेडियरची मुलगी. तक्त्यात या ओळीचे पहिले तीन रकाने भरा. चौथा रिकामा ठेवा.