लाल पेन बाजूला ठेवून

श्रोतेहो, नमस्कार.

उन्हामुळे आपल्या विदर्भात शाळा उशिरा उघडतात, जूनच्या शेवटच्या आठवड्यात. त्याआधी, यंदा मला स्वतःला काय शिकायचंय ते मी ठरवून ठेवलंय. मी नववी-दहावीला मराठी शिकवते, त्यातही निबंध आणि पत्रलेखन.

नागपुरात मराठीच्या शिक्षकापुढे दोन मराठी येतात. एक पुस्तकातली, दुसरी घरातली. जिच्यात 'तो जाते', 'वास येते' असं सहज बोललं जातं. गेल्या हिवाळ्यात नववीतल्या एका मुलीनं आईवर निबंध लिहिला. आई कळमन्याच्या बाजारात संत्री निवडते. मोठी वेगळी, बारकी वेगळी, डागी वेगळी. त्यात एक वाक्य होतं: 'आई आंघोळ करून आली तरी तिच्या हाताले संत्र्याचा वास येते.' मी 'हाताले'चं 'हाताला' केलं, 'येते'चं 'येतो' केलं, खाली 'शुद्धलेखनाकडे लक्ष द्यावे' असं लिहिलं आणि वही परत दिली. पुढचा निबंध तिनं गाईडमधून उतरवला. त्यात एकही चूक नव्हती. त्या रात्री मला झोप लागली नाही.

शुद्धलेखन यायलाच हवं. उद्या नोकरीचा अर्ज लिहिताना या मुलांना कोणी सवलत देणार नाही. पण मराठी साहित्य महामंडळाच्या ज्या नियमांच्या आधारे मी वह्या तपासते, त्या १९६२च्या नियमांतही बोलण्यातल्या 'असं', 'केलं' या रूपांना, शेवटच्या अक्षरावर अनुस्वार देऊन, जागा ठेवलेली आहे. माझ्या लाल पेनानं तेवढीही जागा ठेवली नव्हती.

म्हणून यंदा कच्च्या खर्ड्यावर लाल पेन चालणार नाही. पेन्सिलीनं फक्त एक प्रश्न लिहीन: 'डागी संत्र्यांचं पुढे काय होतं?' असा, खरंच उत्तर हवं असलेला. ऱ्हस्व-दीर्घ दुसऱ्या खर्ड्यात, आणि तेही एका वेळी एकाच प्रकारची चूक धरून.

मुलं लिहितील तेव्हा मीही लिहीन. कित्येक वर्षांत शेऱ्यांपलीकडे मी काही लिहिलेलं नाही, आणि मुलांना मात्र 'अनुभवातून लिहा' असं सांगत आले. माझी खाडाखोड फळ्यावर त्यांना दिसू दे.

शाळेतल्या एका ज्येष्ठ सरांना महिन्यातून एकदा मागच्या बाकावर बसायची विनंती केलीय. मी किती मिनिटं बोलते आणि मुलं किती मिनिटं लिहितात, एवढंच त्यांनी टिपायचं. याची मला धास्ती वाटते, तरी ते हवंच आहे.

पालकहो, लाल खूण नसलेली वही घरी आली तर 'बाईंनी तपासलीच नाही' असं म्हणू नका. मुलाला ती मोठ्यानं वाचायला सांगा.

ती मुलगी आता दहावीत येईल. तिची हरकत नसेल तर पहिल्या दिवशी ते संत्र्याचं वाक्य मी फळ्यावर लिहिणार आहे, 'हाताले' आणि 'येते' तसंच ठेवून.

नमस्कार.